केरबाच्या होडीतलं शहाणपण

तळ्याकाठच्या एका गावात एक भोळा केरबा होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईकडे बघून. शहरातली माणसं पक्षी बघायला यायची, केरबा त्यांना होडीतून फिरवायचा. पाखरू लांबून ओळखायचा. बाकी काही ओळखायचा नाही.

अशा केरबाचं लग्न ठरलं. मुलगी गौरा, डोंगरापलीकडची. केरबाची आई पार्वताबाई म्हणाली, "लग्न लागेपर्यंत स्वतःचं डोकं चालवू नको रे बाबा. शिकलेली माणसं सांगतील तसं कर."

"बरं," केरबा म्हणाला.

होडीत येणाऱ्यांत शिकलेले म्हणजे केसकर सर. गळ्यात दुर्बीण, तोंडात पक्ष्यांची नवी नावं. मोठी माणसं बैठक घेतात आणि पाखरांची नावं बदलतात म्हणे. पाखरांना कुणी विचारत नाही.

सर म्हणाले, "हा वटवट्या कालपर्यंत एक होता, आता दोन झाले. दिसायला सारखे, पण आवाज दोन. आवाज दोन, म्हणजे पक्षी दोन."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गौराचे वडील तात्याबा जेवायला आले. दारात ड्रायव्हरवर खेकसले. आत येऊन मधाळ आवाजात म्हणाले, "काय विहीणबाई, बऱ्या आहात ना?" केरबानं त्यांच्याशेजारी आणखी एक ताट वाढलं.

"हे कुणाचं?"

"बाहेर खेकसत होते त्या पाहुण्यांचं. बोलवा त्यांना, गार होतंय."

तात्याबा ताटावरून उठले. "आणखी एक वेडेपणा, की सोयरीक मोडली!"

केरबानं सरांना गाऱ्हाणं सांगितलं. सर म्हणाले, "अरे, दर वेळी दोन होत नाहीत. ती बदकं बघ. आपण दोन जाती समजत होतो. पण त्यांची आपसात जोडी जमते, पिल्लं होतात. मग जात एकच."

केरबाच्या बोकडापासून शेजारच्या शेवंताच्या शेळीला करडं झाली होती. केरबानं मधलं कुंपण उपटलं आणि शेवंताची सगळी शेरडं आपल्या गोठ्यात बांधली. शेवंता खराटा घेऊन आली.

"मुडद्या, माझी शेरडं सोड!"

"तुमचं-आमचं आता राहिलं नाही, वहिनी. पिल्लं झाली, म्हणजे आपण एकच."

"हे माझ्या नवऱ्यापुढं बोल!"

केरबा गेला आणि बोलला.

पार्वताबाईनं बोकड देऊन भांडण मिटवलं, तात्याबांच्या कानावर जाऊ दिलं नाही. केरबा सुजलेला डोळा शेकत होडीत बसला. सर म्हणाले, "सोपं करून सांगतो. डोंगराअलीकडचा चंडोल वेगळा, पलीकडचा वेगळा. ठिकाण बदललं की नाव बदलायचं. नाव तेच, तर ठिकाण तेच."

लग्न तालुक्याच्या गावी लागलं. मांडवातच लक्ष्मीपूजन झालं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं होतं. आईनं बजावलं होतं, "शारदा लिही." गौरा हळूच म्हणाली, "अहो, मला गौराच राहू द्या की. जन्मापासून त्याच नावाला ओ देतेय."

"बरं," म्हणून केरबानं गौरा लिहिलं. बायका कुजबुजल्या. तात्याबांनी राग गिळला. "असू दे. सासरी नांदली म्हणजे झालं."

पाठवणीला गौरा केरबाच्या जीपमध्ये चढली. केरबानं तिला हात धरून उतरवलं आणि तिच्या बापाच्या जीपमध्ये बसवलं.

तात्याबा ओरडले, "माझी मुलगी परत पाठवतोस?"

"परत कशाला, मामा? नाव तेच, ठिकाण तेच. सरका जरा, मीपण येतोय. लग्न झाल्यावर वेगळं कसं राहायचं?"

आणि केरबा आईच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडला. नवरी पदराआड हसत होती. पोरगी परत आली अशी गावात बोंब होण्यापेक्षा हे बरं, म्हणून तात्याबा सरकले.

त्यांच्या उंबऱ्यावर केरबा थांबला. "तांदळाचं ताट आणा. माझं ठिकाण बदललं."

पुढच्या रविवारी केसकर सर तळ्यावर आले. काठावरून ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला, "केरबा! ए केरबा!" होडीतला माणूस ढिम्म हलेना. शेवटी सर चिखलातून होडीपाशी गेले.

"अरे, ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय की. पण मी आता सासरहून येतो, जुनं नाव कशाला घेता, सर? आता शारदा म्हणायचं. आईनं ठरवलेलं, उगाच वाया जात होतं."