अंगठ्याचा डाग

“मग तो गेला कुठं, बाबा?”

एवढं विचारून मधुसूदन खटावकरांनी मांडीवरचा जाडजूड अल्बम पुढं सरकवला.

मिरजेबाहेर ओढ्याच्या काठी, एका जुन्या थडग्याशेजारी सिकंदरबाबा या फकिराचा तकिया होता. पत्र्याची खोली, एक कडुनिंब, दगडांची चूल. बाबा चुलीवर कोरा चहा उकळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण गेला?”

“दिगू. माझा धाकटा भाऊ.”

“कधी?”

“लहानपणीच. तापानं... पण ते विचारत नाही मी. गेल्यावरही यायचा तो. ही कार्डं काढून बसलो, की यायचा. आता येत नाही.”

चहाला उकळी आली, तशी बाबांनी दोन लाकडं मागं ओढली.

मग खटावकरांनीच सांगायला घेतलं. त्यांच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून क्रिकेटवाल्यांचं एकेक कार्ड निघे. पुढं फोटो, मागं धावा नि बळी. दोघं भाऊ ती कार्डं शाळेच्या भिंतीवर उडवून खेळायचे; ज्याचं कार्ड दुसऱ्याच्या कार्डावर पडेल, त्यानं दोन्ही उचलायची. दिगूची एक खोड होती. कार्ड फेकण्याआधी तो अंगठा जिभेला लावायचा आणि कार्डावर दाबायचा. त्याशिवाय नेम लागत नाही म्हणे. शाई, चिखल, जे काय हाताला असेल ते अंगठ्यासकट कार्डावर उतरायचं. मधू त्याला गलिच्छ म्हणायचा, आणि हरायचा.

दिगूचा फोटो घरात नव्हता. काढायचं राहून गेलं होतं. आई होती तोवर त्याला आठवणारी दोन माणसं होती. गेल्या थंडीत आई गेली, आणि खटावकर एकटे उरले. आता डोळे मिटले तर नुसती भिंत दिसे. भिंतीपुढं उभ्या मुलाला तोंड नसे.

“आणि संग्रह माझा असा आहे,” खटावकरांचा आवाज जरासा उंचावला, “की लोक लांबून बघायला येतात. प्रदर्शनात ढाल मिळाली याला. कुठलंही पान उलटा, बाबा. एका कार्डाला घडी नाही.”

“आमचं तोंड बघा, शेठ,” बाबा म्हणाले. “घडीला जागाच उरली नाही.”

खटावकर कसनुसं हसले.

बाबांनी दोन मगांत चहा ओतला. एक खटावकरांपुढं ठेवला.

“यातलं दिगूचं कुठलं?”

खटावकरांचं बोट पानांवरून फिरत फिरत एका डावखुऱ्या फिरकीवाल्यावर थांबलं.

“हे. याच्यावर जीव होता त्याचा. उशाखाली घेऊन निजायचा.”

“हेच?”

“हेच. म्हणजे... हे नव्हे. असंच.”

बाबांनी कार्डाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

तेव्हा तीही गोष्ट बाहेर आली. दिगूच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला होता आणि मधोमध तो डाग. बेळगावच्या एका संग्राहकाकडं तेच कार्ड कोरं करकरीत होतं. खटावकरांनी आपली दोन-चार कार्डं नि दिगूचं ते जुनं देऊन कोरं घेतलं. मग दुसरं बदललं. मग तिसरं. संग्रह करणारे सगळे असंच करतात. चांगलं मिळालं की खराब काढायचं. खटावकरांचं चष्म्याचं दुकान, भिंग कायम हाताशी. नवं येई ते भिंगाखाली धरून बघायचे. जुनं पाकिटात घालताना कधी बघितलं नाही.

“त्याच्या हातचं एकही नाही यात?”

“...नाही.”

“ती कुठं असतील आता?”

“डागाळलेलं कोण ठेवतं, बाबा? दिली असतील टाकून.”

बोलून झाल्यावर त्यांना आपलेच शब्द ऐकू आले. कडुनिंबाची दोन पिवळी पानं अल्बमवर पडली. त्यांनी ती झटकली.

“काढा बाहेर ते,” बाबा म्हणाले.

खटावकर घुटमळले. मग कार्ड प्लॅस्टिकच्या खिशातून कडेनं धरून अलगद काढलं आणि अल्बमवर ठेवलं.

बाबांनी उजवा अंगठा चहात बुडवला. फिरकीवाल्याच्या छातीवर टेकवला, दाबला, आणि हळूच उचलला.

तपकिरी, लांबट ठसा. त्यात बारीक रेघा.

खटावकरांना कळायच्या आधीच त्यांचा हात हलला. खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं निघालं. त्यांनी टिपलं, फुंकर घातली, पुन्हा टिपलं. कार्ड उजेडाकडं तिरपं करून बघितलं. कागद गुळगुळीत होता, डाग आत मुरला नव्हता.

“वाचलं,” ते पुटपुटले आणि कार्ड जागच्या जागी सरकवलं.

बाबा त्यांच्याकडं बघत होते. रागावलेले दिसत नव्हते. एकदम फार थकल्यासारखे दिसत होते.

ओढ्यापलीकडं अंधारून येऊ लागलं. खटावकरांनी अल्बम मिटून छातीशी धरला. चहा तसाच निवला होता.

“बाबा... तो येईल ना पुन्हा? एकदा तरी?”

बाबांनी ओला अंगठा कफनीला पुसला.

“आला होता, बाळा... पुसलास तू.”