साहेबांच्या नावची तक्रार

आमच्या पाणीखात्यात तक्रारी संगणकावर आल्या, तेव्हा कार्यकारी अभियंता दाभाडेसाहेबांनी एक सोय करून घेतली. स्वतःसकट सगळ्यांच्या खात्यातून एकदाच संमतीचं बटण दाबून घेतलं. मग एकच पासवर्ड टाकला की कुणाच्याही नावाने नोंद करता येई. तो लक्षात राहत नाही म्हणून साहेबांनी तो टेबलावरच्या काचेखाली ठेवला होता.

एका महिन्यात पाइपाला हातही न लावता चाळीस तक्रारी ‘काम पूर्ण’ म्हणून बंद झाल्या. बंद करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं कारकून विमल सुतार यांचं. बाईंना नोटीस मिळाली, नोकरी जायची वेळ आली. मुख्यालयातून अधीक्षक अभियंता पाटणकर मॅडम चौकशीला आल्या.

“नाव तुमचंच आहे ना?” दाभाडे गरजले. “संगणक खोटं बोलत नाही!”

“बरोबर आहे, साहेब,” विमलबाई म्हणाल्या. “मग मॅडम, आज सकाळची शेवटची नोंदही वाचा ना.”

मॅडमनी मोठ्याने वाचली, “‘मला हे पद झेपत नाही. माझी बदली करावी.’ तक्रारदार, शशिकांत दाभाडे.”

“मी नाही लिहिलं हे!” साहेब ओरडले. “तो पासवर्ड टाकून कुणीही कुणाच्याही नावाने...”

“एवढंच मला सांगायचं होतं, साहेब,” विमलबाई म्हणाल्या.

मॅडमनी विमलबाईंची नोटीस फाडली.

“आणि ही माझ्या नावची नोंद?” दाभाड्यांनी चाचरत विचारलं. “खोटी आहे, मॅडम. रद्द करायची ना?”

“सही खोटी असेल,” मॅडम म्हणाल्या, “मजकुरात मला चूक दिसत नाही.”