रंगरावांच्या टीव्हीतली खोट

रंगराव थोरबोले चेअरमन झाले आणि दिवाळीला भिंतीएवढा टीव्ही घेऊन आले. "चित्रात एक खोट दाखवा, म्हणाल ते देतो," असं ते येईल त्याला ऐकवत. पाहुणे चहा पिऊन माना डोलवत.

गोजरआक्कांची लेक सुवर्णा कबड्डीची फायनल खेळणार होती आणि आक्कांचा टीव्ही नेमका त्याच दिवशी बंद पडला. लेकीचा खेळ बघायचाच, या हट्टाने त्या सगळी आळी घेऊन रंगरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

"खोट काढली तर आळी आत बसून सामना बघणार. कबूल?"

"कबूल. नाही निघाली तर खिडकीतूनही डोकावायचं नाही."

प्लास्टिक चढवलेल्या सोफ्याला वळसा घालून आक्का टीव्हीपाशी गेल्या आणि नखाने पडद्याचा कोपरा खरवडला. दुकानातून आलेलं प्लास्टिक तिथेही तसंच चिकटलेलं होतं.

"चेअरमनसाहेब, लग्न लागलं दिवाळीला आणि शिमगा आला तरी तुम्ही अंतरपाट धरूनच बसलाय. नवरीचं तोंड बघितलं नाही, अन् रूपाचं कौतुक गावाला सांगताय होय?"

रंगरावांनी प्लास्टिक सोललं. सामना सुरू झाला तेव्हा सोफा आळीने धरला होता, आणि नवरदेव मागे टाचा उंचावून आपला टीव्ही पहिल्यांदाच बघत होते.