दुसरी तारीख

रूथ आणि आमोस ही थोरली दोन्ही भावंडं कालव्यात बुडाली, मग देवानं आपल्याला, धाकट्यालाच मागं का ठेवलं? शांतवननं हे चर्चच्या पाळकांनाही विचारलं होतं. 

पावसात कबरस्तानाची भिंत पडली आणि कुत्री रूथ-आमोसची ताजी माती उकरू लागली, तेव्हा शांतवन भिंतीसाठी वर्गणी मागणाऱ्या तरुणांबरोबर हिंडू लागला. त्या कबरींवर अजून साधा दगडही नव्हता.

ठेकेदार बापूसाहेब मात्र काळाभोर दगड घेऊनच आले. "भिंत मी बांधतो. पण फाटकाच्या आत, सगळ्यांच्या पुढं, या दगडावर माझं नाव हवं!"

"हो म्हण रे, भिंत तरी होईल," कुणीतरी कुजबुजलं.

शांतवन उसळलाच. "कोरतो की, बापूसाहेब! पण इथं ज्याचं नाव दगडावर, तो दगडाखाली, अशी आमची रीत. जन्मतारीख आत्ता सांगा. दुसरी तारीख तुमच्या सवडीनं घालू."

बापूसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाव राहू दे. भिंत बांधून देतो," म्हणत ते निघाले. दगड तिथंच राहिला.

चौथीत शाळा सोडलेल्या शांतवननं तीन दिवस छिन्नी चालवली. वाकड्यातिकड्या अक्षरांत दोघांची नावं कोरली, दोन जन्मतारखा कोरल्या. दुसरी तारीख दोघांत मिळून एकच कोरली, आणि दगड त्यांच्या उशाशी रोवला.