मळी की माती

आमच्या हौसाक्काचे यजमान फौजेत होते, तेव्हा घरात कॅन्टीनची रम असायची. ते गेले, पण थंडीत हिला घोटभर लागतेच. म्हणून परसात ती स्वतःच रम गाळते. माझी खिडकी तिथंच उघडते, म्हणून मला ठाऊक! काकवी महागली, काळा गूळ दुकानदार देईना, तरी हिची चूल पेटलेलीच.

एका सकाळी साखर कारखान्याचे चेअरमन फौजदाराला घेऊन आले. मागे अर्धं गाव, कुंपणाशी मी. चुलीजवळच्या काळ्या चिकट पाकाच्या बादलीत डोकावून चेअरमन ओरडले, “ही आमच्या कारखान्याची मळी! हिला चोरीबद्दल आत टाका.”

“नक्की तुमचीच का, साहेब?” हौसाक्कानं विचारलं.

“अगं, वासावरून ओळखतो मी!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी? ही मी माझ्या विहिरीजवळच्या डबक्यातून भरली. कारखान्याकडून झिरपत येते. माझं पाणी नासलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, आमचा थेंब बाहेर जात नाही, तुझी मातीच काळी आहे. आता मळी तुमची असेल, तर आधी माझी विहीर साफ करून द्या, मग खुशाल बेड्या घाला. आणि माती असेल, तर माती उकळल्याबद्दल कुठलं कलम लागतं?”

फौजदार मिशीत हसला. “त्याला कलम नाही, आक्का.”

चेअरमननी घाम पुसला. “नीट पाहिलं तर... मातीच दिसते.”

“मग माझी माती मी हवी तशी शिजवीन,” असं म्हणत हौसाक्कानं त्यांच्यादेखत चुलीत लाकूड सारलं.