चव्वेचाळीस ओळी आणि एक बांध

पूर्वीची, अगदी पूर्वीची गोष्ट. डोंगरउतारावर एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं. तळ्याचं पाणी मातीच्या बांधाने अडवलेलं. एकदा तो बांध फुटला आणि निम्मं गाव वाहून गेलं. जे वाचले, त्यांनी बांध पुन्हा घातला आणि स्वतःची घरं बांधायच्या आधी शाळा बांधली. पुन्हा असं होऊ नये म्हणून.

पहिले गुरुजी रोज सकाळी मुलांना बांधावर न्यायचे. पायथ्याशी झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन बघायला लावायचे. गढूळ पाणी म्हणजे आतून माती निघून चालली आहे, हे मुलांना तिथेच कळायचं. लक्षात राहावं म्हणून गुरुजींनी चार ओळी रचल्या:

पाणी निवळ, बसा निवांत,
पाणी गढूळ, धावा तुरंत!
आधी वाळू, वरती खडी,
दगड रचा, न दवडा घडी!

त्यांच्यानंतरच्या गुरुजींना चढण झेपेना. "ओळी येतात ना? मग शाळेतच म्हणा," ते म्हणाले. पुढच्यांनी ओळींना चाल लावली. त्यापुढच्यांनी आणखी चाळीस ओळी जोडल्या आणि नियम केला, की पाठ मधेच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. अशी शंभर वर्षं गेली. बांधाकडे कोणी फिरकेना, आणि पाठांतराची कीर्ती मात्र थेट राजधानीपर्यंत पोहोचली!

एके दिवशी राजाचे शास्त्रीबुवा परीक्षा घ्यायला आले. मुलं बिनचूक म्हणाली तर गुरुजींना राजाची शाल मिळणार होती. मुलं मांडी घालून बसली, पाठ सुरू झाला. काय तो सूर, काय ते उच्चार! शास्त्रीबुवा मान डोलावू लागले.

तेवढ्यात बांधाखाली कपडे धुणारी परटीण धापा टाकत दारात आली.

"गुरुजी, बांधातून गढूळ पाणी येतंय!"

"थांब गं बाई, पाठ चाललाय," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "आता तुटला तर पहिल्यापासून म्हणावा लागेल."

विश्वास बसणार नाही, पण त्याच क्षणी मुलं म्हणत होती, "पाणी गढूळ, धावा तुरंत!" आणि एकही मूल हललं नाही. परटीण डोळे विस्फारून बघत राहिली. मग परत धावली.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली, कमरेपर्यंत चिखलात माखलेली. "अहो, भोक घागरीएवढं झालंय! मुलांना उठवा!"

आता शास्त्रीबुवाच ताडकन उभे राहिले. "थांबा! थांबवा तो पाठ!"

मुलं थांबली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हात जोडले आणि पाठ तुटला म्हणून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"अरे, उठा रे!" शास्त्रीबुवा ओरडले. "आता काय करायचं असतं?"

"आधी वाळू, वरती खडी!" साठ मुलं एका सुरात म्हणाली. बसल्या जागेवरून.

शास्त्रीबुवांनी मुलांना अक्षरशः हाताला धरून उठवलं. सगळे धावले खरे, पण वाळू कुठे मिळते, भोक कुठल्या बाजूला, कोणालाच माहीत नाही. गुरुजींनासुद्धा नाही! कोणी आधीच दगड लोटले, तर कोणी चिखल. परटीण एकटी ओरडून दाखवत होती. बांध थरथरू लागला, तशी ती किंचाळली, "टेकडीवर पळा!"

तिच्या त्या हाकेने माणसं तेवढी वाचली. घरं गेली, शेतं गेली, शाळाही गेली.

टेकडीवर गुरुजी डोकं धरून बसले होते. खाली गावाच्या जागी नुसतं लाल पाणी. एक लहानशी मुलगी ओल्या परकराने त्यांच्याजवळ आली आणि आशेने विचारू लागली,

"गुरुजी, मी एकही शब्द चुकले नाही ना?"

गुरुजींना तिच्याकडे बघवेना. "नाही गं पोरी," ते कसेबसे म्हणाले, "तू नाही चुकलीस."

तात्पर्य एवढंच: ज्या कामासाठी शाळा काढली, ते काम दारात आल्यावर जो उठून धावतो, तोच शिकला म्हणावा.