बाबारावांची शिडाची होडी

खाडीकाठच्या गावात बाबाराव सुर्व्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांची जुनी शिडाची होडी तांडेलांची द्रौपदी आपल्या दोन मुलांसाठी घ्यायला निघाली होती. धक्क्याला बांधलेल्या त्या होडीला ताजा रंग होता, तरी द्रौपदीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा अशाच एका जुन्या होडीतून गेला तो परतलाच नव्हता.

ती भीतभीत म्हणाली, "रावसाहेब, आधी एखाद्या जाणत्या सुताराकडून होडी तपासून घेते."

बाबारावांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे माझ्या शब्दावर तुझा भरवसा नाही? तपासायची असेल तर सौदा मोडला म्हणून समज."

होडी हातची जाणार म्हणून मुलं आईकडे रागाने बघू लागली.

"राहिलं," ती म्हणाली. "तुमचा शब्द पुरे. फक्त आपण दोघं हिच्यातून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येऊ. सौदा तिथंच पक्का करू."

"छे, छे," बाबाराव घाईने म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"होडीत बसायला पोहता कशाला यायला हवं, रावसाहेब?"

धक्क्यावर जमलेल्या माणसांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी मुकाट्याने सुताराला बोलावणं धाडलं. सुताराने तळाच्या फळीवर पटाशी टेकवली, तशी ती रंगातून थेट मुठीपर्यंत आत गेली.

द्रौपदीने दोन्ही मुलांचे हात घट्ट धरले.